मिरजेचा तंबोरा परदेशी पाठवताना

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला गेलात की पहिला प्रश्न पट्टीचा येतो: पुरुषी की बायकी, काळी एक की काळी चार? परदेशातल्या लेकीसाठी किंवा नातवासाठी वाद्य घेणाऱ्यांनी त्याच वेळी ते कुठल्या हवेत राहणार हेही सांगावं. टोरांटो-शिकागोकडे हिवाळ्यात घरं रात्रंदिवस तापवलेली असतात. आतली हवा महिनोन्‌महिने कोरडी ठाक. मग लाकूड आकसतं, तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला) चीर जाते, भोपळा आणि गळ्याचा सांधा उकलतो.

भोपळा कडू जातीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा. तो कापून, भिजवून, आतून खरवडून पुन्हा वाळवतात. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. हे लाकूड जितकं मुरलेलं, तितका पुढचा त्रास कमी. म्हणून घाईची ऑर्डर देऊ नका, आणि भर पावसाळ्यात तर नकोच. दमट हवेत सांधे सावकाश वाळतात, पॉलिशवर पांढुरकी झाक येते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण समोरचं वाद्य कसं आहे ते मानांकन सांगत नाही, कानच सांगतो.

खरी गोम जवारीत, म्हणजे घोडीचा माथा घासून नाद खुलवण्यात. घोडी म्हणजे तबलीवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. तिचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता घासलेला असतो. तार त्यावर हलकेच टेकत थरथरते, तेव्हा तो गुंजणारा नाद उठतो. तारेखालचा सुती दोरा केसभर मागेपुढे सरकवत न्या. एका जागी नाद एकदम उघडतो. चारही तारांवर ती जागा सापडली पाहिजे. एखादी तार कुठेही बंदच वाजत असेल तर तिथेच जवारी पुन्हा काढून घ्या. नेहमीच्या वाजवण्याने तारा घोडीवर चरे पाडतात आणि नाद बसतो. तिकडे जवारी काढणारा शोधत बसावं लागतं, म्हणून त्याच मापाची, जवारी काढलेली जादा घोडी मागून घ्यावी. आमच्या मते नक्षीच्या पानांपेक्षा तिथे पैसे घालावेत.

पाठवताना तारा तीन-चार स्वर उतरवा, पण पार ढिल्या करू नका, घोडी निसटते. ती उभी आहे तिथे आधी पेन्सिलीने बारीक खूण करा. फायबरच्या पेटीतही भोपळ्याभोवती कापड गच्च भरा, कारण धक्का तिथेच बसतो. विमानाने नेहमी ये-जा असेल तर बिनभोपळ्याचा चपटा प्रवासी तंबोरा बरा, आवाज थोडा कमी मिळेल.

पोचल्यावर पेटी दिवसभर बंदच राहू द्या. मग सुरात लावा: आधी जोडीच्या (मधल्या दोन, षड्जाच्या) तारा, नंतर खर्ज (सर्वांत जाड, खालच्या षड्जाची तार), शेवटी पंचम (पहिली तार). बारीक सूर जुळवायला घोडीखाली तारेत ओवलेला मणी असतो; तो घोडीपासून खाली सारला की सूर चढतो. खुंटी घसरली तर काढून तिला खडू लावा, हातोडी नको. खोलीतली आर्द्रता 40 ते 50 टक्के ठेवावी आणि वाद्य हीटरजवळ उभं करू नये.

बिलावर भोपळा, लाकूड, हाड असा साहित्याचा उल्लेख करून घ्या. ऑस्ट्रेलियात उतरताना या गोष्टी जाहीर कराव्या लागतात. घरातल्या जुन्या तंबोऱ्यावर हस्तिदंती काम असेल, तर परवान्याशिवाय तो पाठवू नका.