आमची वाटचाल : टाकीपासून सुरुवात

गॅरेज सुरू केलं तेव्हा बोर्डावर सगळ्या टू व्हीलरची कामं होतील असंच लिहिलं होतं, पण हळूहळू आमच्याकडे एकाच टाईपच्या गाड्या यायला लागल्या, दोन-तीन ठिकाणी दाखवून झालेल्या, प्लग नवा, एअर फिल्टर नवा, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) कितीदा तरी खोललेला, आणि तरी चालता चालता बंद पडतेच. मग त्याच कामात नाव झालं.

आमची पद्धत पहिल्यापासून एकच, पेट्रोल जिथून निघतं तिथून बघत यायचं. बंद पडली की आधी प्लग काढायचा, कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, ओला असेल तर करंट (प्लगची ठिणगी) बघा नाहीतर ओव्हरफ्लो. मग टाकीचं झाकण. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते मातीने बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं, म्हणजे गाडी काही किलोमीटर मस्त जाते, मग गचके देत बंद, थोडं थांबलं की परत चालू. झाकण उघडलं की फुस्स... गिऱ्हाईक बघतच राहतं, एवढंच होतं? हो एवढंच, पैसे सांगायला आम्हालाच कसंतरी होतं.

झाकण ठीक असेल तर इंजिन गार झाल्यावर कार्बोरेटरकडचा पाईप काढून बाटलीत धरायचा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चालू केला की सलग धार पडली पाहिजे. थेंब थेंब आलं तर कॉकची जाळी, फिल्टर, नाहीतर टाकीतला गंज. व्हॅक्यूमवाला कॉक असेल तर इंजिन फिरल्याशिवाय धार येत नाही, हे न बघताच कॉक बदलणारे खूप आहेत. धार चांगली असेल तरच कार्बोरेटरला हात. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, टिकत नाही तर पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी), फुल रेसला दम टाकते तर मेन जेट किंवा फ्लोट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग). जेटमध्ये तार घालायची नाही हा आमच्याकडे नियमच आहे, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते, त्यामुळे क्लीनर आणि हवा, बस.

एफआय गाड्या (कार्बोरेटरऐवजी पंप आणि इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) आल्या तेव्हा सगळे म्हणाले आता तुमचा धंदा बसला. आम्ही प्रेशर गेज घेतला, वायरिंग शिकलो, क्रम तोच ठेवला. चावी ऑन केली की पंपाची २-३ सेकंद गुणगुण ऐकू येते, नाही आली तर फ्यूज, रिले, किल स्विच (हो, हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, हसू नका). आवाज आहे पण गेजवर प्रेशर भरत नाही, बऱ्याच गाड्यांना ३ बारच्या आसपास लागतं, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा, तर पंपाची जाळी चोकअप नाहीतर पंप थकलाय.

हल्ली जास्त करून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या येतात. इथेनॉलवालं पेट्रोल ओल धरतं, पाणी वाढलं की इथेनॉलसकट तळाला बसतं, आणि इंजिनला आधी तेच मिळतं. काचेच्या बरणीत काढून ठेवलं की दोन थर वेगळे दिसतात, गिऱ्हाईकालाही आम्ही तेच दाखवतो, म्हणून आता टाकी धुवायचं काम वेगळंच काढलंय.