जप्तीच्या दिवशी आलेले बक्षीसपत्र

तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराच्या घरावर दिवाणी न्यायालयाची जप्ती आली, तेव्हा त्याची वकील म्हणून मी त्याच्या दारात उभी होते. कृषी सेवा केंद्राकडून उधारीवर उचललेल्या खते-औषधांची रक्कम थकली होती. दुकानदाराने दावा लावून हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केली होती. दावा चालू असताना हा माणूस न्यायालयात फिरकलाच नव्हता. समन्स घेतले, घडी घालून ठेवले आणि हंगाम साधला की पैसे देऊन टाकू, असे घरच्यांना सांगत राहिला. एकतर्फी हुकूमनामा झाल्यावर आणि टेम्पोसाठी कर्ज देणाऱ्या कंपनीने थकलेल्या हप्त्यांपायी टेम्पो ओढून नेल्यावर तो माझ्याकडे आला.

बेलिफ वयाने मोठे, शांत गृहस्थ होते. पंचांसमक्ष यादी सुरू झाली तशी अशिलाची आई स्वयंपाकघरातून तांब्याचा हंडा, घागर, पितळेची पातेली एकेक करून ओसरीवर आणून मांडू लागली. न्यायचेच असेल तर निदान परक्या माणसांनी चुलीपर्यंत येऊ नये, एवढेच तिच्या मनात असावे. बेलिफांनी लिहिणे थांबवले. "मावशी, ही भांडी आत ठेवा. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे आम्हाला नेता येत नाहीत. सुनेच्या मंगळसूत्रालाही हात लावता येत नाही." त्यांनी टीव्ही आणि मोटारसायकल लिहून घेतली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि घर विकण्यास किंवा गहाण ठेवण्यास मनाई करणारा हुकूम दारावर डकवला. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मधील मजकूर त्या माणसाने ज्या आपुलकीने त्या बाईला समजावून सांगितला, तसा तो मी न्यायालयातही क्वचितच ऐकला आहे.

त्याच दिवशी दुपारी अशील आणि त्याचा मेहुणा सांगलीला माझ्या कार्यालयात आले. पिशवीतून त्यांनी मुद्रांकावर टंकलिखित केलेले बक्षीसपत्र काढले. "मॅडम, घर मेहुण्याच्या नावावर करून टाकतो. उद्याच दस्त करतोय. मग काय जप्त करतील?" गावातल्या कोणा जाणत्याने हा सल्ला दिला होता. असा सल्ला देणारे प्रत्येक गावात असतात आणि त्यांच्यापायी घरे कशी जातात, हे मी पाहत आले आहे.

मी त्या दोघांना बसवून घेतले. जप्तीनंतर केलेले खासगी हस्तांतर जप्तीखालील हक्कापुरते त्याच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ प्रमाणे निरर्थक ठरते. जप्तीआधी केले असते, तरी धनकोंना बुडवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येते. पण या दोन्हींहून महत्त्वाची गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याच्या मालकीचे आणि त्याच्या स्वतःच्या वहिवाटीतले राहते घर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त करता येत नाही. हे संरक्षण घर त्याचे असेल तरच मिळते. घर माझे नाही, मेहुण्याचे आहे, असे एकदा स्वतःच्या सहीने लिहून दिल्यावर त्याच घराचे संरक्षण तो कोणत्या तोंडाने मागणार होता?

मेहुण्याने मग नादारीचे, म्हणजे कर्ज फेडता येत नाही असे न्यायालयाकडून जाहीर करून घेण्याचे, विचारले. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरत्या अमलात आल्या आहेत. साध्या माणसाला सांगलीत अजूनही १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाखाली जिल्हा न्यायालयातच जावे लागते. तिथे मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, मात्र कलम ६० ने वगळलेली मालमत्ता त्यातूनही वगळली जाते. गहाण घेतलेल्या धनकोचा हक्क नादारीनेही हलत नाही. शिवाय नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत केलेले बक्षीसपत्र तिथेही रद्द होऊ शकते. आमच्या अशिलाचे घर कोणाकडेही गहाण नव्हते, म्हणून नादारीपर्यंत जाण्याची गरजच नव्हती. बक्षीसपत्र मी माझ्याकडे ठेवून घेतले आणि जप्ती उठवण्याचा अर्ज लिहायला बसले.

आपल्या भागाला हे संरक्षण काही नवे नाही. १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता, आणि तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. त्या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले आणि खास गहाण न दिलेली त्याची स्थावर मालमत्ता विकायलाही आळा घातला.

न्यायालयात खरी लढत झाली ती तो शेतकरी आहे की नाही, यावर. समोरच्या वकिलांनी टेम्पोचा मुद्दा धरला: हा माणूस वाहतूकदार आहे, शेती नावापुरती आहे. स्वतः जमीन कसणारा आणि मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर जगणारा तो शेतकरी, अशी कलम ६० च्या स्पष्टीकरणात व्याख्या आहे. मजूर लावून कसली तरी ती स्वतः कसलेलीच धरली जाते. आम्ही सातबारा, पीकपाहणी आणि विकास सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा दाखल केला. पण बाजू फिरली ती अडत्यांकडच्या बेदाणा-विक्रीच्या हिशेबपट्ट्यांनी. अशिलाच्या बायकोने त्या वर्षवार दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. वजन, दर, हमाली-तोलाई, निव्वळ रक्कम, सगळे त्यावर होते. टेम्पोच्या भाड्याच्या पावत्या त्यांच्याशेजारी ठेवल्या, तेव्हा घर कशावर चालते, हे वेगळे सांगावे लागले नाही. समोरून मग उधारीच्या करारातले एक कलम वाचण्यात आले: वसुलीसाठी राहते घर जप्त झाले तरी माझी हरकत राहणार नाही. असा संरक्षण सोडून देणारा करार कलम ६० च्या पोटकलम (१अ) प्रमाणे मुळातच शून्य आहे, हे मी निदर्शनास आणून दिले. न्यायालयाने घरावरची जप्ती उठवली.

देणे मात्र राहिले, आणि ते खरे होते. दुकानदाराने माल दिला होता, त्याच्या मागेही कंपन्यांचा तगादा होता, आणि अशिलाने ते पैसे बुडवावेत असे मला एकदाही वाटले नाही. तडजोडीची बोलणी झाली. बेदाण्याची पट्टी झाली की दर हंगामात ठरलेला हप्ता द्यायचा, यावर दोन्ही बाजू आल्या. पुरसीस, म्हणजे न्यायालयात द्यायचे तडजोडीचे लेखी निवेदन, लिहिताना दुकानदाराच्या वकिलांनी सुचवले की हप्त्यांना तारण म्हणून घराचे गहाणखत करून द्यावे. अशील लगेच तयार झाला. घर आता सुटलेच आहे, असे त्याला वाटत होते. मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेले आणि सांगितले की गहाणाच्या हुकूमनाम्यात घर जप्त करावेच लागत नाही, ते सरळ विक्रीला निघते आणि तिथे कलम ६० कामाला येत नाही. शेवटी पुरसीसमध्ये हप्ते, त्यांच्या तारखा आणि चुकल्यास व्याज एवढेच लिहिले गेले, आणि घराचा उल्लेख त्यात कुठेही आला नाही.