वेळासची कासवं आणि दोरी धरणारी माणसं

बागमांडल्याहून फेरीबोट सुटली की सावित्रीची खाडी ओलांडून आपण रायगडातून रत्नागिरी जिल्ह्यात येतो. वेसवीला उतरायचं, बाणकोटचा किल्ला मागे टाकायचा, की वेळास आलंच. नाना फडणवीसांचं मूळ गाव ही त्याची जुनी ओळख. पण मार्चमधल्या शनिवारी फेरीबोटीवर खेटून उभ्या असलेल्या गाड्यांमधलं कुणीही नानांसाठी आलेलं नव्हतं. सगळे कासवं बघायला निघाले होते.

उतरलो ते एका घरात. ओटीवर गाद्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, न्हाणीघर वाडीच्या कडेला. वेळासला येणारे बहुतेक पाहुणे असेच घराघरांत राहतात. निघायच्या आधी दोन-तीन घरांत फोन केले होते, दर सगळीकडे जवळपास सारखेच निघाले. घासाघीस करायला वाव नाही आणि शेजाऱ्याचं गिऱ्हाईक पळवायलाही नाही. दुपारी पानात डाळिंब्यांची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी, आमटी-भात आणि सोलकढी. आमच्या पंगतीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "बिसलेरी मिळेल का? विहिरीचं पाणी बाधायचं." काकूंनी तांब्या पुढे सरकवला. म्हणाल्या, "आमच्या चार पिढ्यांना नाही बाधलं. बाटली आणलीत तर मोकळी झाल्यावर परत न्यायची, एवढंच." ते पाणी प्यायले. बाधलं नाही.

या गावात कासवांची अंडी पूर्वी खाल्लीही जायची आणि विकलीही जायची. उरलेली कोल्हे-कुत्री उकरायची. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची मंडळी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी किनारा धुंडाळत होती. भाऊ काटदरे यांची ही संस्था. तेव्हा वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली आणि संरक्षणाचं काम सुरू झालं. 2006 मध्ये कासव महोत्सव आला. मधल्या चार वर्षांतलं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आधी घरटी वाचवायची घडी बसली, मग पाहुण्यांना बोलावलं. आपल्याकडे पर्यटनस्थळं सहसा उलट्या क्रमाने 'विकसित' होतात: आधी पार्किंग, मग सेल्फी पॉइंट, आणि सगळं वाटोळं झाल्यावर संवर्धन समिती.

संध्याकाळी सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर गेलो. जाळीचं कुंपण घातलेला वाळूचा एक तुकडा, त्याला हॅचरी म्हणतात. आत एकेका घरट्याजवळ अंडी किती, कधीची, याची पाटी. इथे येणारी कासवं ऑलिव्ह रिडले या समुद्री जातीची. मादी रात्री वर येते, घड्याच्या आकाराचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांशी तिचा संबंध तिथेच संपतो. पहाटे कासवमित्र, म्हणजे गावातलीच माणसं, तिच्या पायांचे माग काढत घरटं शोधतात आणि अंडी हॅचरीत आणून तेवढ्याच खोलीच्या, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. पुढचे पन्नासेक दिवस वाळूच्या उबेचे. नर की मादी हेही ती ऊबच ठरवते. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात.

त्या संध्याकाळी टोपल्या उचलल्या. खाली नुसती वाळू.

गर्दीत नाराजीची लाट आली. "एवढ्या लांबून आलो, काहीतरी दाखवा की," असं एकजण खरंच म्हणाला. कासवमित्र पोरगा विशीतला असेल. त्याने न चिडता सांगितलं, "दादा, आम्ही बाहेर काढत नाही. तीच येतात." या माणसांचं खरं काम मला तिथे दिसलं. महोत्सवाच्या तारखा जाहीर झाल्या की लोक त्या तारखांना पिल्लं असणारच असं धरून चालतात. पैसे देऊन आलेल्या शे-दोनशे माणसांसमोर 'आज नाही' म्हणायला छाती लागते. उद्या कुणी पर्यटकांच्या समाधानासाठी खड्ड्यात हात घातला, तर सगळंच बुडालं.

रात्री जेवणानंतर किनाऱ्यावर चक्कर मारायचा विचार होता. काकूंनी अडवलं. विणीच्या दिवसांत रात्री वाळूत माणसं, आवाज, बॅटऱ्या असल्या की वर येणारी मादी अंडी न घालताच फिरते. आम्ही ओटीवरच गप्पा मारत बसलो. विषय 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाचा निघाला. या पट्ट्यातल्या वाड्या त्या दिवशी आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली की फळाला यायला वर्षं जातात. काकू म्हणाल्या, "तोवर ओटीवरच्या गाद्यांनीच घर चालवलं." कासवं येणं का परवडतं, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

सकाळी सातला पुन्हा किनारा. एका टोपलीखाली वाळू हलत होती. आधी एक नाक, मग एक वल्ह्यासारखा पाय, मग एकावर एक चढत सगळी वर. तळहाताच्या निम्म्याने काळपट जीव, पाठीला वाळू चिकटलेली. त्यांना टोपलीत घेऊन समुद्राकडे नेलं, पण पाण्यात नाही सोडलं. लाटेपासून बऱ्याच अंतरावर, दोन दोऱ्यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत ठेवलं. हे अंतर त्यांनी स्वतःच चालायचं. मोठ्या झालेल्या माद्या अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडे येतात, म्हणून त्या किनाऱ्याची ओळख पटावी यासाठी ही वाट त्यांना उचलून पार करून देत नाहीत. पिल्लू उजेडाच्या रोखाने चालतं, म्हणून फ्लॅश बंद.

माझ्या शेजारी एका बाबांनी मुलाला दोरीपलीकडे उतरवलं, हातात मोबाइल तयार. जेमतेम बारा वर्षांची गावातली एक मुलगी दोरी धरून उभी होती. ती म्हणाली, "काका, त्याला अलीकडे घ्या. पावलाच्या खड्ड्यात पडलं तर पिल्लू वर येत नाही." बाबांनी मुलगा उचलला. त्याच्या पावलाचा खड्डा तिने पायाने सारखा केला आणि पुन्हा दोरी धरली. तिथे दंडाची पाटी असती तर याच गृहस्थांनी हुज्जत घातली असती, अशी माझी पक्की खात्री आहे.

दोरी धरणारं माणूस गावचंच आहे आणि पिल्लं मेली तर त्याच्याच घरची ओटी रिकामी राहणार आहे, यावर वेळासचा गाडा चालतो. साताऱ्याजवळ फुलांच्या कास पठाराला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गर्दी इतकी लोटली की ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालावी लागली. जाळीचं कुंपणही घातलं, गुरांचं चरणं थांबलं, फुलांवर परिणाम होतो अशी ओरड झाली आणि कुंपण काढलं. संख्या मर्यादा हवीच. वेळासलाही शनिवार-रविवारी ती कडक असायला हवी असं मला वाटतं. पण मर्यादेमागे माणूस नसेल तर तिचा नुसता कागद होतो. कोकणातल्याच दुसऱ्या किनाऱ्यांवर हौशी मंडळी गाड्या वाळूत घालतात, भरती येते, गाडी रुतते आणि व्हिडिओ फिरतो. आपण गाडीला हसतो. चाकाखाली दबलेल्या वाळूत घरटं होतं का, हे कुणी विचारत नाही.

जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर, कासवं कुठे जातात हे कळावं म्हणून, एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवून तिला सोडलं. पश्चिम किनाऱ्यावरची अशी ही पहिलीच मादी, म्हणून नाव प्रथमा.

जायचं असेल तर पिल्लांचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. घर आधी फोनवर ठरवा, सुट्टी मिळत असेल तर मधल्या वारी जा आणि दोन रात्री हाताशी ठेवा, म्हणजे टोपलीखाली बघायच्या तीन-चार वेळा मिळतात. मधल्या वेळात बाणकोटचा किल्ला होतो. रोख पैसे बरोबर असू द्या. मुंबईहून म्हसळा-हरिहरेश्वरमार्गे फेरीबोट पकडणार असाल तर शेवटची फेरी किती वाजता आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर महाड-मंडणगडचा वळसा पडतो.