रिकाम्या रकान्याचे शून्य

कर्जाच्या अर्जांची छाननी करणारे संगणकीय मॉडेल आमच्याकडे सुरू होऊन काही महिने झाले होते आणि नामंजूर अर्जांच्या फेरतपासणीचे काम माझ्याकडे होते. त्या दिवशी एक अर्जदार बाई समोर येऊन बसल्या. आवाज न चढवता त्यांनी एवढेच विचारले, "माझा एकही हप्ता चुकलेला नाही. मग माझं चुकलं काय?"

मी पडद्यावर पाहिले. स्कोअर होता, त्याखाली 'अपात्र' असा शेरा होता आणि शेऱ्याखाली माझीच सही होती. कारण मात्र कुठेच नव्हते. त्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, हे त्या क्षणी मला फार लागले.

दुपारी विश्लेषण विभागातील सहकाऱ्याबरोबर तो अर्ज उलगडायला बसलो. गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या गणितावर आधारलेली एक पद्धत आहे. निकालात कोणत्या माहितीचा किती वाटा आहे, हे तिने काढता येते. सर्वांत जास्त गुण एकाच रकान्याने खाली ओढले होते: 'परतफेडीचा इतिहास, महिने'. तिथे शून्य होते. जुने कर्ज पतीच्या नावावर, बाई सहकर्जदार. पतीच्या निधनानंतर बाईंना नवा ग्राहक क्रमांक मिळाला आणि वर्षानुवर्षे भरलेले हप्ते जुन्या क्रमांकाखालीच राहिले. नव्या नोंदीतला रकाना रिकामा होता. मॉडेलसाठी माहिती तयार करताना कोणीतरी सगळे रिकामे रकाने शून्याने भरले होते. 'माहिती नाही' आणि 'परतफेड नाही' यांतला फरक तिथेच पुसला गेला. मॉडेलची एकूण अचूकता चांगलीच दिसत होती, कारण अशा ग्राहकांची संख्या सरासरीला धक्का लागण्याइतकी नव्हती.

पण मला अधिक अस्वस्थ केले ते फेरतपासणीच्या नोंदींनी. हा अर्ज मी मिनिटभरही उघडा ठेवला नव्हता. इतरांच्या नोंदीही अशाच होत्या; मॉडेलने नाही म्हणायचे आणि आम्ही 'मम' म्हणायचे. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या २०२४ च्या कायद्याने व्यक्तीची कर्जपात्रता ठरवणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या मानल्या आहेत आणि देखरेख करणाऱ्या माणसाला यंत्रावर आपोआप विसंबण्याच्या प्रवृत्तीची जाणीव असली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. प्रशिक्षणात हे वाक्य मी वाचले होते, पण ते माझ्याच सहीबद्दल आहे असे तेव्हा वाटले नव्हते. निर्णय बदलण्याचा अधिकार मला होता. तो वापरण्याइतका वेळ आणि माहिती मात्र कोणी दिली नव्हती, आणि मीही ती मागितली नव्हती.

संध्याकाळी वरिष्ठांशी बोलून दोन गोष्टी ठरल्या. रिकामा रकाना असलेला अर्ज मॉडेलकडे न जाता थेट अधिकाऱ्याकडे येईल, आणि नामंजुरीचे कारण साध्या शब्दांत लिहिल्याशिवाय सही करता येणार नाही. वेग घटेल, अशी कुरबुर झाली. ती खरीही आहे. पण कारण लिहिता येत नसेल, तर तो अर्ज नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे ठाम मत आहे.

बाईंचे जुने हप्ते नव्या क्रमांकाशी जोडून दुसऱ्या अधिकाऱ्याने अर्ज पुन्हा तपासला आणि कर्ज मंजूर झाले. मग आम्ही तसेच शून्य असलेले जुने अर्ज बाहेर काढले. त्यांतल्या काही जणांची गरज केव्हाच टळून गेली होती. तरीही प्रत्येकाला चूक आमची होती असे कळवणारे पत्र पाठवायचे ठरले, आणि माझी सही असलेल्या अर्जांची पत्रे मीच लिहायला घेतली.