सतरासाठी कोण भांडणार?

आमच्या कॉलेजात दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन कथालेखन स्पर्धा होते. मी मराठी शिकवते, त्यामुळे समन्वयकपद आपसूक माझ्या गळ्यात आहे. स्पर्धा कोल्हापूर-सांगली भागापुरती, बक्षीस एका निवृत्त शिक्षिकेने पतीच्या स्मृतिप्रीत्यर्थ ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून. 1994 साली दहा हजारांवर हजार-अकराशे व्याज सुटायचं. आता सहाशे-सातशे सुटतं आणि ते तीन क्रमांकांत वाटायचं. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाचं एसटीचं भाडंसुद्धा त्यात भागत नाही. मुलींना अर्धं तिकीट झाल्यापासून त्यांचं तेवढं बरं आहे.

तरी कथा येतात. आणि का येतात, हे मला कळतं. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात ‘साहित्य’ या सदराखाली वक्तृत्व, वादविवाद आणि प्रश्नमंजूषा असते. म्हणजे सगळा तोंडाचा कारभार! एकांकिका लिहिणाऱ्यांना 1963 पासून पुरुषोत्तम करंडक आहे, ‘अरे आवाज कुणाचा’ अशी आरोळी ठोकायला सोबती आहेत. एकट्याने बसून कथा लिहिणाऱ्याला थेट साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार, पस्तिशीच्या आत आणि तोही छापील पुस्तकाला. मधल्या पायऱ्यांवर आमच्यासारख्या सहाशे रुपयेवाल्या स्पर्धा.

ही गोष्ट अशाच एका वर्षीची. तीन परीक्षक होते. एक कवयित्री, त्या शेजारच्या कॉलेजात शिकवतात. एक पत्रकार. आणि एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्या स्वतःच्या ग्रामीण कथा एकेकाळी दिवाळी अंकांतून नेमाने यायच्या. कथांवर नावं नसतात, नुसते क्रमांक. नावं बंद पाकिटात माझ्या कपाटात. गुणपत्रिकेचा नमुना पहिल्यापासूनचा: आशय 20, कथानक व रचना 10, भाषा 10, शुद्धलेखन 10. घरी वाचून गुण द्यायचे आणि ठरलेल्या दिवशी कॉलेजात येऊन बेरीज करायची. एरवी हे काम चहा-पोह्यांसकट तासाभरात उरकतं.

मी बेरीज वाचून दाखवली. कथा क्रमांक 17 ला 36, 37, 35, एकूण 108, म्हणून पहिली. क्रमांक 31 ला 106, दुसरी. क्रमांक 9 ला 105, तिसरी.

‘सतरा म्हणजे कुठली हो?’ पत्रकारांनी विचारलं.

वृद्धाश्रमाची, मी सांगितलं. मुलगा अमेरिकेत, आई खिडकीशी, शेवटी पत्र. स्वच्छ लिहिलेली, एकही वेलांटी चुकलेली नाही. वृद्धाश्रम दरवर्षी पाच-सहा कथांत असतोच, सीमेवरचा जवानही असतो. वृद्धाश्रमाची पायरी यांतल्या कितीजणांनी चढली असेल, याची मला शंका आहे.

‘तिला पहिलं?’ मुख्याध्यापक म्हणाले. ‘माझ्या मनात ती कुठंच नव्हती.’

‘अहो सर, तुम्हीच पस्तीस दिलेत.’

‘दिले. कापायला काही सापडलं नाही म्हणून दिले.’

मग मी नऊ क्रमांकाचे सुटे गुण वाचले. कवयित्रीबाईंचे 46, पत्रकारांचे 38, मुख्याध्यापकांचे 21. दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. खरं भांडण या कथेवर होतं आणि बेरजेने ते गिळून टाकलं होतं. एकाला जीव लावावासा वाटला, दुसऱ्याला फेकून द्यावीशी वाटली, म्हणून ती तिसरी. जिच्याबद्दल कुणालाच काही वाटलं नाही, ती पहिली.

नऊ क्रमांकाच्या कथेत घडत काहीच नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रात्रभर ट्रॅक्टरची रांग आहे. एक पोरगा बापासोबत ट्रॉलीवर बसलाय. पहाटे गाडी काट्यावर चढते, चिठ्ठी हातात पडते, संपलं. सुरुवात अशी होती: ‘आमचा नंबर एकशे चाळीस. पुढे एकशे एकोणचाळीस गाड्या होत्या, मागच्या मोजायला कोण जाणार.’ आणि शेवटाकडे: ‘ऊस वाळतुया म्हंजी वजन पळतंय. बा झोपलाय, पर त्याला ठावं हाय.’

मुख्याध्यापकांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. संवादात बोली चालेल, निवेदनात ‘म्हंजी’ कसं? एकतर पहिल्यापासून बोलीत लिही, नाहीतर प्रमाण मराठीत लिही. हा गबाळेपणा आहे. शुद्धलेखनाला त्यांनी दहापैकी एक दिला होता.

कवयित्रीबाईंनी हस्तलिखित ओढून घेतलं आणि पानं उलटत गेल्या. ‘हे बघा. नऊ वाजता निवेदन पुस्तकी आहे. अकराला “नाही”चं “न्हाई” होतं, एकदाच. दोन वाजता क्रियापदं बदलतात. पहाटेपर्यंत सगळंच बापाच्या तोंडचं. पोरगा शाळेतून येऊन बसलाय आणि रात्र सरता सरता त्याची शाळा उतरत चाललीय. हा गबाळेपणा असता तर उलटसुलट झालं असतं. इथं एकदाही मागं गेलेलं नाही.’

सरांनी चष्मा लावून ती पानं स्वतः तपासली. दहाएक मिनिटं कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, ‘असेल. पण त्या पोरानं ठरवून केलंय, की आपसूक झालंय?’

‘सर, तुमच्या कथांत तुम्ही सगळं ठरवून करत होता का?’ हे पत्रकार. सरांना हसू आलं, पण ते हटले नाहीत. त्यांनी पुरुषोत्तमचा दाखला काढला. 2022 च्या पुण्याच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. केवढा गहजब झाला, पण त्यांनी धाडस दाखवलं. आपणही पहिलं बक्षीस राखून ठेवू.

मला ते पटलं नाही, आणि समन्वयकाने बोलायचं नसतं तरी मी बोलले. तिथे साठेक वर्षांची परंपरा आहे, करंडक नाही मिळाला तर पुढच्या वर्षी पोरं ईर्ष्येने उतरतात. इथे कुणी पुन्हा कागदच हातात घेणार नाही. शिवाय प्राचार्यांनी पाहुणे बोलावून ठेवले होते, पण ते मी बोलले नाही.

शेवटी मीच सुचवलं, गुण बाजूला ठेवू. प्रत्येकाने एकेका कथेचं वकीलपत्र घ्यायचं. जिला वकील नाही, ती पहिली नाही. ‘सतरासाठी कोण भांडणार?’ मी विचारलं. तिघंही गप्प. पत्रकार ओशाळून म्हणाले, ‘गोष्ट चांगली होती हो, पण परवा वाचली आणि आज तुम्ही सांगेपर्यंत आठवत नव्हती.’ स्वतः ते एकतीससाठी उभे राहिले, लॉजवर काम करणाऱ्या मुलाची कथा होती ती, बऱ्यापैकी लढले, आणि मग नऊकडे आले. सर शेवटपर्यंत विरोधात राहिले. दोन विरुद्ध एक. नऊ पहिली, एकतीस दुसरी, सतरा तिसरी. सरांचं मत मी कार्यवृत्तात जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली.

पाकीट फोडलं तेव्हा सगळेच चाट पडलो. तास-दीड तास आम्ही ‘पोरगा’, ‘पोरानं’ करत होतो. लिहिणारी मुलगी निघाली, बीएस्सी दुसरं वर्ष, रसायनशास्त्र. कळवायला फोन केला तेव्हा समजलं की वडील कारखान्यातच, काट्याच्या केबिनमध्ये कारकून. रांगेतल्या ट्रॉलीवर ती कधी बसलेली नव्हती. वडिलांना रात्रीचा डबा द्यायला जायची आणि खिडकीच्या आतल्या बाजूने रांग बघायची.

हे ऐकल्यावर सरांनी माझ्याकडून तिचा नंबर मागून घेतला. मी आधी तिला विचारलं, ती हो म्हणाली. नंतर तिच्याकडूनच कळलं की ते पाऊण तास बोलले आणि त्यातली पस्तीस मिनिटं शुद्धलेखनावर. वार्षिक अंकात कथा छापण्यापूर्वी दुरुस्त करून दे, असा त्यांचा आग्रह. तिने दोन शब्द बदलून पाठवले. ‘म्हंजी’ होतं तसंच होतं.

गुणपत्रिकेचा नमुना मात्र अजून तोच आहे. बदलायचा तर ठराव लागतो, आणि लेखापरीक्षणाला आकडे लागतात. म्हणून हल्ली परीक्षक आधी भांडतात आणि गुण मग भरतात.