स्पॅनिश व्याकरण, महिना सातवा: ‘ला’ची भानगड

गेला अख्खा महिना एका अक्षरात गेला. अक्षर आहे ‘आ’.

मी घर पाहते: ‘बेओ ला कासा’. मी मारियाला पाहते: ‘बेओ आ मारीआ’. कर्म माणूस असलं की त्याच्या आधी ‘आ’ लावायचा. ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, पुस्तकात हे अर्ध्या पानात उरकलेलं असतं. इंग्रजीतून शिकणारे इथे हात टेकतात, आपण मात्र खुशीत, कारण ‘घर पाहिलं’ आणि ‘मारियाला पाहिलं’ हे आपण जन्मापासूनच म्हणतोय. मीही खुशीत होते. मग या सत्रात विद्यापीठाचा वाक्यविचाराचा पेपर सुरू झाला.

(तास स्पेनच्या संध्याकाळी सहाला असतो. हिवाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे इंदूरला रात्रीचे साडेदहा. सराफ्यात लोक भुट्ट्याचा कीस खात असतात आणि मी रामबागेत कानाला हेडफोन लावून कर्म शोधत असते.)

या प्रकाराला भाषाशास्त्रात डिफरेन्शियल ऑब्जेक्ट मार्किंग म्हणतात. हे नाव 1980च्या दशकात गेओर्ग बोस्सोंग यांनी रुळवलं. कर्म सजीव आहे का, ठरावीक आहे का, हे पाहून भाषा त्याला खूण लावते किंवा लावत नाही. हिंदी, फारसी, तुर्की, रोमानियन, सगळ्या याच पंगतीत. पण खूण कुठे लागते, ते प्रत्येकीचं वेगळं. आमच्या घरातच बघा. हिंदीच्या संगतीनं आम्ही ‘पंख्याला बंद कर’ म्हणतो आणि पुण्याची मावशी दर वेळी हसते. पंखा कधीपासून माणसात आला, असं विचारते.

आता खरी गंमत. ‘बुस्को उन मेदिको के सेपा मराती’: मराठी येत असेल असा डॉक्टर शोधतेय, कुणीही चालेल. ‘बुस्को आ उन मेदिको के साबे मराती’: एक डॉक्टर आहे, त्याला मराठी येतं, त्याला शोधतेय. ‘आ’ आला आणि क्रियापद सब्जंक्टिव्हमधून, म्हणजे ‘असेल-नसेल’च्या रूपातून (‘सेपा’), बाहेर पडलं (‘साबे’). मागचे दोन महिने सब्जंक्टिव्हवर डोकं आपटलं, तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मराठीतही ‘डॉक्टर शोधतेय’ आणि ‘डॉक्टरला शोधतेय’ यांत हाच फरक आहे.

खात्री करायला आईला विचारलं. सध्या दादाचं जमवायचं चाललंय, त्यामुळे उदाहरण घरचंच. “आई, आपण दादासाठी मुलगी बघतोय की मुलीला बघतोय?” आई म्हणाली, “मुलीला बघायला तो काय गच्चीवर उभा आहे?” नियम पक्का झाला असं वाटलं. मग तीच म्हणाली, “रविवारी देवासला मुलगी बघायला जायचंय, लक्षात ठेव.” आता या मुलीचं नाव, पत्रिका, पत्ता, सगळं आमच्याकडे आहे. याहून ठरावीक काय असणार? तरी ‘ला’ नाही! माझा अंदाज असा की तिथे ‘मुलगी’ ही व्यक्ती नसून भूमिका आहे, आणि ‘मुलगी बघणं’ हा एकच जोडशब्द झालाय. निबंधात एवढंच लिहिलं. समाधान झालेलं नाही.

सर्वांत जास्त आनंद झाला तो ‘से’च्या, म्हणजे कर्ता न सांगणाऱ्या, वाक्यांनी. दुकानावर पाटी असते: ‘से बुस्कान कामारेरोस’, वेटर हवेत. क्रियापद अनेकवचनी, कारण वेटर अनेक. पण तेच वेटर ठरावीक असले आणि ‘आ’ लागला, की ‘से बुस्का आ लोस कामारेरोस’. क्रियापद एकदम एकवचनी! स्पॅनिश पुस्तक यावर पानंच्या पानं खर्च करतं. मी पेन खाली ठेवलं. अहो, हे तर कर्मणी आणि भावे! ‘मुली पाहिल्या’, पण ‘मुलींना पाहिलं’. कर्माला ‘ना’ चिकटला की क्रियापद त्याच्याकडे बघणं सोडतं आणि नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. मोरो केशव दामल्यांचं व्याकरण 1911चं, आजोबांच्या कपाटात धूळ खात होतं. त्या रात्री ते काढलं आणि एकपर्यंत जागले.

एवढी शेखी मिरवल्यावर निबंध परत आला तो लाल होऊन. दहापैकी 7.2, म्हणजे ‘नोताब्ले’, वाईट नाही. पण एकच चूक अकरा वेळा. ‘तिला पाहिलं’ म्हणताना मी ‘ले बी’ लिहिलं होतं. बरोबर आहे ‘ला बी’. ‘तिला पुस्तक दिलं’ मधली ‘तिला’ म्हणजे ‘ले’, आणि ‘तिला पाहिलं’ मधली ‘तिला’ म्हणजे ‘ला’. मराठीत दोन्हीकडे एकच ‘तिला’, म्हणून मनात दोन कप्पेच नाहीत. पुरुषाबद्दल ‘ले बी’ स्पेनमध्ये सर्रास बोलतात आणि एकवचनात स्पॅनिश भाषेची अकादमीही ते चालवून घेते. म्हणून ‘त्याला’च्या चुका झाकल्या गेल्या आणि ‘तिला’च्या सगळ्या उघड्या पडल्या.

उपाय म्हणून सध्या एकच करतेय. वाक्य लिहिण्याआधी मराठीतून ते कर्मणीत फिरवून बघायचं. ‘ती पाहिली गेली’ जमतं, तर ‘ला’. ‘ती पुस्तक दिली गेली’ जमत नाही, तर ‘ले’. चार दिवसांत चुका अकरावरून तीनवर आल्या. ‘आयुदार’ म्हणजे मदत करणे, इथे मात्र युक्ती साफ फसते: आपण तिला मदत करतो, आणि स्पॅनिशमध्ये तीच थेट कर्म. तिथे पाठांतर.

देवासची मुलगी रविवारी बघून झाली. दादानं तिला पाहिलं की नाही, ते अजून कळलेलं नाही, तो सगळा वेळ पोह्यांकडेच बघत होता.