प्रवासखर्च शून्य

विद्यापीठाच्या अंतर्गत संशोधन निधीचं पत्रक कॉलेजच्या ग्रुपवर पडलं तेव्हा अर्जाला नऊ दिवस उरले होते. यूजीसीच्या मायनर प्रोजेक्टचे, म्हणजे छोट्या संशोधन अनुदानांचे, दिवस सरल्यापासून आम्हाला हाच आसरा. कॉलेजलाही तो हवाच असतो म्हणा. कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक आलं की संशोधनासाठी अनुदान किती मिळालं, तो रकाना भरावा लागतो.

मी बेळगावात अर्थशास्त्र शिकवते, माहेर निपाणी. दुपारी उंबऱ्यात सूप घेऊन बसलेल्या बायका बघतच वाढले, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही: घरी विड्या वळणाऱ्या साठजणींचा जमाखर्च. प्रस्ताव मात्र इंग्रजीत. 'छाट' या शब्दापाशी तासभर अडले. वळून दिलेल्या विड्यांतल्या सैल, वाकड्या म्हणून बाजूला काढतात ती छाट, तिची मजुरी नाही. शेवटी 'रिजेक्शन' लिहिलं आणि हळहळले.

बजेट ६०,००० रुपयांचं. पुस्तकं, प्रवास, टायपिंग, किरकोळ, हे सगळे लिहितात तेच. मी एक ओळ जास्त घातली: माहिती देणाऱ्या महिलांचा मोबदला, साठजणींना प्रत्येकी १००, एकूण ६,०००. मुलाखत दोन तासांची. सरावाचा हात दिवसाला आठशे-हजार विड्या वळतो, म्हणजे माझ्यापायी दोनेकशे विड्या बुडणार. मजुरी हजार विड्यांमागे ठरते, गप्पांमागे नाही.

सादरीकरणात समितीतल्या एकांनी विचारलं, पैसे दिल्यावर उत्तरं तुम्हाला आवडतील तशी येणार नाहीत का? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, रक्कम आधीच सांगायची, सगळ्यांना सारखी, मुलाखत अर्ध्यात सोडली तरी द्यायची. त्यांना पटलं. ओळ उडाली ती लेखा विभागात. तिथले क्लार्क अगदी प्रेमानं म्हणाले, "मॅडम, हेड इल्ला री." या खर्चाला हेडच, म्हणजे लेखाशीर्षच नाही, विषय संपला.

प्रवासाला मात्र १२,००० मंजूर. आता गंमत बघा. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट. आधार दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. बेळगाव ते निपाणी, हायवेनं पाऊणशे किलोमीटर, अशा बावीस फेऱ्या झाल्या. सगळी शून्याची तिकिटं कोऱ्या कागदावर ओळीनं चिकटवलीत. खर्च काय तो स्टँडपासूनच्या रिक्षाचा, फेरीला ३० रुपये.

उरलेल्यातले सहा हजार त्या बायकांकडे वळवू द्या, असा अर्ज केला. उत्तर आलं, रक्कम वळवता येईल, पण मंजूर हेडमध्येच. म्हणजे पुस्तकं घ्या.

मुलाखती झाल्या. पहिल्याच घरी मी ओशाळून वेळेचं बोलले, तर मावशी म्हणाल्या, "इचारा की बाई. हात चालतोय तवर तोंड मोकळंच असतंय." त्यामुळे माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये पानं कापायच्या कात्रीचा आवाज आहे. छाटीचा प्रश्न आला की मात्र तो थांबतो. हे मला ऐकताना कळलं, समोर बसले असताना नाही.

मार्चअखेर निधी कसा खर्चला याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचंय. प्रवासाचे ११,३४० रुपये शिल्लक, ते डीडीनं परत करायचे. डीडीचं कमिशन कुठल्या हेडखाली टाकायचं, ते उद्या विचारते.